नियमफायलीतील सेवा: फायरवॉल, पोर्ट आणि छोट्या संस्थांचे जाळे

फायरवॉल म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या वेशीवर बसवलेली तपासणीची व्यवस्था. जाळ्यातून जाणारी माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत विभागून प्रवास करते, आणि प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ते कोठून निघाले, त्याला कोठे जायचे आहे आणि पोहोचल्यावर तेथल्या कोणत्या प्रोग्रॅमच्या हाती पडायचे आहे याची नोंद असते. ही नोंद वाचून, आधी लिहून ठेवलेल्या नियमांशी ताडून, पॅकेटला वाट द्यायची की ते टाकून द्यायचे हे फायरवॉल ठरवते. निर्णय यंत्राचा दिसत असला तरी तो कोणीतरी माणसाने एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आधीच लिहून ठेवलेला असतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती फाईल हा आहे, आणि त्यातही तिचा असा भाग, की ज्याकडे ती लिहिणाऱ्याचेही फारसे लक्ष नसते: नियमांत ज्या सेवांची नावे येतात, त्या सेवांची व्याख्या कोठे होते, कशी होते आणि ती कोण करतो.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरांचा आहे, बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावाचा नाही, अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर केली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले, आणि त्यानंतरच्या काळात पतसंस्थेची शाखा, आपले सरकार सेवा केंद्र, शाळेची संगणक खोली, कृषी सेवा केंद्राचे बिलिंग अशा ठिकाणी राउटर ही टेबल-खुर्चीइतकी गृहीत धरलेली वस्तू झाली. प्रत्येक राउटरच्या पोटात एक फायरवॉल असते. तिचे नियम बहुतेक वेळा तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून आलेल्या एखाद्या तंत्रज्ञाने तासाभरात लिहिलेले असतात, आणि त्या नियमांमागचे कारण त्याच्या आठवणीपलीकडे कोठेही नोंदलेले नसते. मोठ्या बँकेत जाळ्याचा स्वतंत्र विभाग असतो, त्यामुळे तेथे गचाळ लिहिलेली फाईलही चार माणसे मिळून उलगडू शकतात. छोट्या संस्थेत ती सोय नसते, म्हणून फाईलनेच स्वतःचा अर्थ सांगितला पाहिजे. सेवेची व्याख्या आणि त्या सेवेला दिलेली परवानगी या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या तरच हे साधते, असे येथे मांडायचे आहे.

सेवा म्हणजे काय, हे पोर्टच्या कल्पनेवाचून सांगता येत नाही. एकाच संगणकावर टपाल, संकेतस्थळ, छपाई अशी अनेक कामे एकाच वेळी चालू असतात आणि संगणकाचा जाळ्यावरील पत्ता मात्र एकच असतो. तेव्हा आलेले पॅकेट कोणत्या कामासाठी आहे हे ओळखण्यासाठी पत्त्याला एक क्रमांक जोडतात, त्याला पोर्ट म्हणतात. हा क्रमांक सोळा बिटांचा असल्यामुळे ० पासून ६५,५३५ पर्यंत जातो, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंटरनेट-मानकाने त्याचे तीन पट्टे स्पष्ट केले आहेत: १,०२३ पर्यंतचे क्रमांक मूलभूत सेवांसाठी, तेथून ४९,१५१ पर्यंतचे क्रमांक नोंदणी करून मागणाऱ्यांसाठी, आणि त्यावरचे क्रमांक कोणाच्याही नावावर न करता तात्पुरत्या वापरासाठी. क्रमांकाबरोबर वाहतुकीची पद्धतही सांगावी लागते, कारण टीसीपी ही पद्धत पोहोच मागून, क्रम राखून माहिती नेते आणि यूडीपी ही पद्धत पोहोचेची वाट न पाहता पॅकेट पाठवून मोकळी होते, आणि दोन्हींचे पोर्ट-क्रमांक स्वतंत्र असतात. टीसीपीचा ५३ आणि यूडीपीचा ५३ या दोन वेगळ्या जागा आहेत.

क्रमांक वाटण्याची ही व्यवस्था एका माणसाच्या टिपणवहीतून सुरू झाली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असलेल्या जॉन पोस्टेल यांनी मे १९७२ मध्ये एका छोट्या टिपणातून असे सुचवले, की अधिकृत क्रमांक वाटण्यासाठी कोणीतरी एक ‘झार’ असावा, आणि तो आपणच असावे की काय, असा प्रश्नही कंसात टाकून दिला. पुढे दीर्घकाळ ते काम खरोखरच त्यांच्याकडे राहिले, आणि ते करणाऱ्या व्यवस्थेला आयाना हे नाव पडले. क्रमांकांची यादी ठरावीक काळाने छापली जाई. ऑक्टोबर १९९४ ची यादी ही अशी शेवटची, कारण त्यानंतर नोंदवही थेट जाळ्यावरच ठेवली जाऊ लागली. या वाटपातला सैलपणा आज वाचताना नवल वाटते. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठीची एसएसएच ही सेवा फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केली, फाईल-वाहतुकीचा २१ आणि दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जुन्या टेलनेट सेवेचा २३ यांच्यामधला २२ हा क्रमांक मोकळा दिसला म्हणून तो एका ईमेलने मागितला, आणि तो तत्काळ मिळाला. आज जगभरातील असंख्य फायरवॉल-नियमांत असलेल्या बाविसाचा उगम इतका साधा आहे.

युनिक्स आणि लिनक्स पद्धतीच्या संगणकांवर या नोंदवहीची एक प्रत ‘सर्व्हिसेस’ नावाच्या फाईलमध्ये ठेवलेली असते. तिच्या प्रत्येक ओळीत सेवेचे नाव, क्रमांक, वाहतुकीची पद्धत आणि हवी असल्यास पर्यायी नावे इतकेच असते. उंद्रीला उदयनगरही म्हणतात आणि दोन्ही नावांनी एसटी त्याच थांब्यावर उभी राहते, तसे या फाईलमध्ये ‘एचटीटीपी’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ ही दोन्ही नावे ८० या एकाच क्रमांकाकडे नेतात. फायरवॉलच्या नियमात क्रमांकाऐवजी नाव लिहिता येते ते या फाईलच्या जोरावर. मात्र येथे एक बारकावा आहे. नियम भरले जातात त्या क्षणी नावाचा क्रमांकात उलगडा होतो आणि संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, केवळ क्रमांकच साठवला जातो. नंतर नियमांची यादी मागितली की क्रमांकावरून नाव पुन्हा शोधून दाखवले जाते. हे परतीचे नाव लिहिणाऱ्याच्या मनातले असेलच असे नाही.

याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी अनेक यंत्रे ८००० या पोर्टवर बोलतात, पण आयानाच्या नोंदवहीत तो क्रमांक ‘आयआरडीएमआय’ या, बहुतेक तंत्रज्ञांना कधी कामी न आलेल्या सेवेच्या नावावर आहे; बोटाच्या ठशाने हजेरी घेणारी, कार्यालयांत सर्रास दिसणारी यंत्रे ४३७० वापरतात, आणि नोंदवहीत तो क्रमांक ‘एल्प्रो टनेल’ या भलत्याच नावाने दिसतो. परिणामी नियम लिहिणाऱ्याच्या जागी आलेला दुसरा तंत्रज्ञ यादी काढतो तेव्हा त्याच्यापुढे हजेरीचे यंत्र येत नाही, अनोळखी नाव येते. ते नाव संशयास्पद वाटून त्याने नियम काढला तर दुसऱ्या दिवशी हजेरी लागत नाही, आणि भीतीने तसाच ठेवला तर तो नियम कायमचा मुक्काम करतो. सार्वजनिक नोंदवही क्रमांक कोणी मागितला होता एवढेच सांगते. तो या शाखेत कशासाठी वापरला जातो, हे सांगण्याची जबाबदारी संस्थेच्या स्वतःच्या व्याख्येवर येते.

व्याख्येत काय काय असावे लागते याचा विचार करू लागल्यावर, एक नाव आणि एक क्रमांक ही जोडी अपुरी आहे हे लवकर कळते. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा घ्यावी. ती यूडीपीच्या ५३ क्रमांकावर चालते असे बहुतेकांना पाठ असते आणि कितीतरी जाळ्यांत तेवढीच वाट मोकळी ठेवलेली असते. मूळच्या आखणीत उत्तर ५१२ बाइटांत मावत असे, तोवर हे खपून गेले. पुढे उत्तरांना डिजिटल स्वाक्षऱ्या जोडल्या जाऊ लागल्या, उत्तरे मोठी झाली, आणि यूडीपीत न मावणारे उत्तर टीसीपीवरून मागून घेणे ही अपवादाची नव्हे तर नित्याची गोष्ट ठरली. २०१६ च्या मानकाने तर टीसीपी हा डीएनएसचा अनिवार्य भागच मानला. ज्या संस्थेने व्याख्येत टीसीपीचा ५३ लिहिलाच नाही, तिच्याकडे बहुतेक संकेतस्थळे नीट उघडतात, एखादेच उघडत नाही, आणि दोष नेहमी त्या एखाद्या संकेतस्थळाला दिला जातो. अपुरी व्याख्या सरसकट बंद पडत नाही, अधूनमधून बंद पडते, म्हणूनच ती सापडायला कठीण असते.

फाईल-वाहतुकीची एफटीपी ही जुनी सेवा याहून गुंतागुंतीची आहे. १९८५ च्या तिच्या मानकानुसार आज्ञा २१ क्रमांकावरून जातात, पण प्रत्यक्ष फाईल दुसऱ्याच जोडणीवरून जाते, आणि त्या दुसऱ्या जोडणीचा क्रमांक पहिल्या जोडणीवरील संवादातच ठरतो. म्हणजे तो क्रमांक आधी लिहून ठेवणे व्याख्याकाराला शक्यच नसते. यावर उपाय म्हणून फायरवॉलमध्ये ‘हेल्पर’ नावाचा साहाय्यक भाग असतो, जो आज्ञांचा संवाद वाचतो आणि ठरलेल्या क्रमांकाची वाट तेवढ्यापुरती मोकळी करतो. लिनक्समध्ये असे हेल्पर पूर्वी आपोआप कामाला लागत, परंतु संवाद वाचून वाट उघडणारा भाग फसवलाही जाऊ शकतो हे लक्षात घेऊन, २०१६ च्या ४.७ या कर्नेल-आवृत्तीपासून ती आपोआप जोडणी मूळ मांडणीत बंद करण्यात आली. तेव्हापासून कोणत्या सेवेला कोणता हेल्पर लागतो हे व्याख्येतच लिहावे लागते. एफटीपी आता मागे पडली आहे आणि ते बरेच झाले, तरी व्याख्या ही कधीकधी क्रमांकांची यादी नसून वागणुकीचे वर्णन असते, हे तिच्याइतके स्वच्छ दुसरी सेवा दाखवत नाही.

उलट बाजूचे उदाहरण अलीकडचे आहे. सुरक्षित संकेतस्थळांची वाहतूक टीसीपीच्या ४४३ वरून होते ही व्याख्या दोन दशके पुरली. जून २०२२ मध्ये एचटीटीपीची तिसरी आवृत्ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि ती यूडीपीचा ४४३ वापरते. जुनी व्याख्या असलेल्या जाळ्यात काहीच बंद पडत नाही, कारण ब्राउझर गुपचूप जुन्या पद्धतीवर येतो. येथे जुनी व्याख्या चूक म्हणता येत नाही. तिला तारीख लागलेली आहे इतकेच.

व्याख्येचा आणखी एक अर्धा भाग असतो, तो म्हणजे विचारणाऱ्याचा पोर्ट. प्रत्येक जोडणीला दोन टोके असतात. सर्व्हरचा क्रमांक ठरलेला असतो, पण ग्राहक-संगणक स्वतःसाठी वरच्या आकड्यांतला एखादा तात्पुरता क्रमांक घेतो, लिनक्समध्ये साधारणतः ३२,७६८ ते ६०,९९९ या दरम्यानचा. २००१ च्या आरंभी आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीत रस्टी रसेल यांच्या नेटफिल्टरने चालू जोडण्यांची आठवण ठेवण्याची सोय दिली, त्यामुळे उत्तराच्या पॅकेटांसाठी वेगळा नियम लिहिण्याची गरज संपली आणि ग्राहकाच्या क्रमांकाकडे दुर्लक्ष करण्याची सवयही लागली.

ही सवय मोडणारे एक साधन मुद्दाम सांगण्यासारखे आहे. कोस्ता त्साउसिस या ग्रीक अभियंत्याने तयार केलेल्या फायरहोल या साधनात नवी सेवा दोन ओळींत लिहितात: एका ओळीत सर्व्हरच्या बाजूचे क्रमांक वाहतुकीच्या पद्धतीसह, दुसरीत ग्राहकाच्या बाजूचे. ग्राहक नेहमीचा तात्पुरता क्रमांक घेत असेल तर दुसऱ्या ओळीत ‘डिफॉल्ट’ एवढाच शब्द पुरतो, पण तो शब्द लिहावाच लागतो, म्हणजे क्षणभर विचार करावाच लागतो. वेळ जुळवणाऱ्या एनटीपी या सेवेत दोन सर्व्हर परस्परांशी बोलताना दोन्ही टोकांना यूडीपीचा १२३ वापरू शकतात; तेथे दुसऱ्या ओळीचे महत्त्व लगेच कळते. व्याख्या झाली, की मुख्य फाईलमध्ये अमुक तोंडावर (म्हणजे जाळ्याच्या अमुक जोडणीवर) या सेवेचा सर्व्हर मान्य, अमुक तोंडावर फक्त ग्राहक मान्य, असे जवळजवळ वाक्यासारखे नियम लिहिता येतात, आणि दोन्ही दिशांची तपशीलवार पॅकेट-नियमावली साधन स्वतः तयार करते. फायरहोलची फाईल मुळात बॅश या आज्ञा-भाषेतली संहिता असते, त्यामुळे तिच्यात वाटेल ते लिहिता येते. ही तिची ताकद आहे आणि बेशिस्त हातांत तोच तिचा दोषही आहे.

लिनक्सच्या रेड हॅट परिवारात रुळलेल्या फायरवॉलडी या साधनाने वेगळी वाट धरली. तेथे प्रत्येक सेवेची स्वतंत्र एक्सएमएल फाईल असते. तिच्यात सेवेचे छोटे नाव, वर्णन, पोर्ट व पद्धत यांच्या जोड्या, लागल्यास हेल्पर आणि लागल्यास गंतव्य पत्ता, असे वेगवेगळे रकाने असतात. साधनाबरोबर आलेल्या तयार व्याख्या एका निर्देशिकेत आणि संस्थेने स्वतः लिहिलेल्या दुसऱ्या निर्देशिकेत राहतात, आणि दोन्हीकडे एकच नाव असेल तर संस्थेची व्याख्या चालते. हा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण तयार फाईलमध्येच हात घालून केलेला बदल पुढच्या अद्ययावतीकरणात पुसला जातो आणि वेगळ्या निर्देशिकेतला टिकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे संस्थेच्या स्मृतीसाठी स्वतंत्र कप्पा ठेवण्यामागचा विचार पटतो. सेवेचे नाव येथे रोमन अक्षरांतच ठेवणे सोयीचे असते, परंतु वर्णनाच्या रकान्यात मराठी मजकूर लिहायला काहीच आडकाठी नाही, आणि ही मुभा क्वचितच कोणी वापरतो. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स-प्रकारातील यूएफडब्ल्यू या साधनात हीच कल्पना शीर्षक, वर्णन आणि पोर्ट अशा तीन ओळींत आटोपते. टॉम ईस्टेप यांच्या शोअरवॉलमध्ये तिला मॅक्रो म्हणतात. नव्या एनएफटेबल्समध्ये सेवा अशी गोष्टच नाही, परंतु क्रमांकांच्या संचाला नाव देता येते आणि शिस्तीचा लेखक त्यातून तेच काम साधतो.

साधन कोणतेही असो, व्याख्या आणि परवानगी यांची फारकत हा मुद्दा कायम राहतो. ‘हजेरी म्हणजे टीसीपी आणि यूडीपीचा ४३७०’ ही व्याख्या आहे. ‘हजेरीची सेवा मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावरूनच मागता येईल’ ही परवानगी आहे. पहिली गोष्ट यंत्र बदलले की बदलते, दुसरी संस्थेचा निर्णय बदलला की. दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या, की कोणत्या कारणाने काय बदलायचे हे ओळखता येत नाही, आणि अडलेला तंत्रज्ञ शेवटी जाळ्याच्या आतल्या सर्वांना सर्व काही मान्य असा नियम लिहून मोकळा होतो. आतले ते विश्वासाचे, या गृहीतकाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संस्थांचे संगणक निकामी केले. त्यांत मर्स्क ही जहाज कंपनी होती, आणि तिच्याच समूहाकडून उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात चालवले जाणारे कंटेनर टर्मिनल त्या तडाख्यात सापडून त्याचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. हा प्रोग्रॅम पसरला तो युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने. वेशीवरची फायरवॉल त्याला ओळखणार कशी? एकदा आत आल्यावर मात्र तो विंडोजच्या फाईल-वाटपाच्या सेवेमार्फत, म्हणजे टीसीपीच्या ४४५ वरून, एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. त्या सेवेतील दोष दुरुस्त करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, पण प्रोग्रॅम चोरलेले पासवर्डही वापरत असल्यामुळे सुधारणा बसवलेले संगणकही वाचले नाहीत. त्याची दुसरी वाट विंडोजच्या दूरस्थ व्यवस्थापन सेवेची होती, जी १३५ क्रमांकावर सुरू होते आणि मग ४९,१५२ च्या वरचा कोणताही क्रमांक घेते; अशा सेवेची व्याख्या करणाऱ्याला सोळा हजारांहून अधिक क्रमांकांचा पट्टा लिहावा लागतो, आणि एवढा रुंद पट्टा सर्वांना खुला करणे म्हणजे फायरवॉल नसल्यासारखेच. येथे व्याख्या अरुंद करता येत नाही, म्हणून परवानगी अरुंद करावी लागते: ही सेवा एक किंवा दोन व्यवस्थापकीय संगणकांवरूनच मागता येईल, इतर संगणक एकमेकांकडे ती मागू शकणार नाहीत. लिपिकाच्या संगणकाला शेजारच्या लिपिकाच्या संगणकाकडे ४४५ वरून काय मागायचे असते, हा प्रश्न तेव्हा फारशा कार्यालयांत विचारला गेलेला नव्हता.

दुसरे प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी २८ देशांतील एटीएमांमधून बनावट कार्डांच्या साहाय्याने पैसे काढले गेले, १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश-प्रणालीतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले, आणि एकूण फटका ९४ कोटींहून अधिक होता. एटीएमकडून आलेली मागणी खातेदाराच्या शिलकीशी ताडणाऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचूच नये, तिला मध्येच बनावट स्विचने (स्विच म्हणजे या मागण्यांची ने-आण करणारी प्रणाली) होकार द्यावा, अशी या चोरीची रचना होती. एटीएम, स्विच आणि मुख्य बँकिंग प्रणाली यांच्यातले संदेश ठरलेल्या मानकाच्या साच्यात असतात, पण ते कोणत्या पोर्टवरून जावेत हे सार्वत्रिक मानक नाही, ते बँक आणि पुरवठादार आपसांत ठरवतात. त्यामुळे कोणत्याही साधनाच्या तयार यादीत ही सेवा सापडत नाही आणि तिची व्याख्या संस्थेलाच करावी लागते. अशा घरच्या सेवेची व्याख्या दोन्ही टोकांच्या नेमक्या पत्त्यांशी बांधली, तर तिसऱ्याच संगणकाने स्विचचे सोंग घेऊन बोलण्याची वाट अरुंद होते. संपूर्ण बंद मात्र होत नाही, कारण मान्य असलेल्या पत्त्यावरचाच संगणक ताब्यात गेला तर फायरवॉलला फरक कळत नाही. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या आवाक्यानुसार चार पातळ्यांची सविस्तर चौकट लागू केली. राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या ग्रामीण पतसंस्थांना या चौकटी लागू होत नाहीत, आणि बुलढाण्यासारख्या, पतसंस्था गावोगाव पोहोचलेल्या जिल्ह्यात त्यामुळेच हा भार संस्थेच्या स्वतःच्या शहाणपणावर येतो.

अशा शाखेतील तीन सेवांचा विचार केला तरी पुरे. हजेरीच्या यंत्राचा उल्लेख आला आहे. दुसरी सेवा कॅमेऱ्यांची: पदाधिकाऱ्यांना मोबाईलवर चित्र दिसावे म्हणून राउटरवर एखादा पोर्ट बाहेरच्या सर्व जगासाठी उघडून देणे ही प्रचलित रीत आहे, आणि तिचे काय होते हे २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रॅमने दाखवून दिले. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि चित्रण-यंत्रे टेलनेटच्या २३ व २३२३ या क्रमांकांवर गाठून त्याने आपली फौज उभी केली, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या माऱ्याने अमेरिकेतील एका मोठ्या डीएनएस-पुरवठादाराची सेवा कोलमडली. ज्यांची यंत्रे वापरली गेली त्यांपैकी बहुतेकांना ते कळलेही नसावे, कारण त्यांच्याकडे चित्र नेहमीप्रमाणेच दिसत होते. व्याख्येत कॅमेऱ्याची सेवा केवळ चित्र पाहण्याच्या क्रमांकापुरती लिहिली आणि टेलनेट तिच्यात येऊ दिले नाही, तर निदान हा दरवाजा तरी नकळत उघडा राहत नाही.

तिसरी सेवा दुरून मदत करणाऱ्या तंत्रज्ञाची. विंडोजची दूरस्थ-पटल सेवा ३३८९ वर चालते आणि तिची व्याख्या सोपी आहे. पण शाखेत प्रत्यक्षात वापरले जाते ते बहुधा ॲनिडेस्कसारखे साधन, जे नेहमीच्या संकेतस्थळांच्याच ४४३ वरून बाहेर जाऊ शकते. म्हणजे पोर्ट-क्रमांकावर आधारलेल्या व्याख्येला ते दिसतच नाही. या मर्यादेवर मात करण्यासाठी पॅकेटचा आशय तपासून सेवा ओळखणाऱ्या महागड्या फायरवॉल मिळतात, परंतु बहुतेक वाहतूक कूटबद्ध झालेली असताना त्यांचीही ओळख अंदाजावर जाते, आणि छोट्या शाखेने त्यांच्या मागे लागण्यापेक्षा हे साधन कोणत्या संगणकावर चालेल याचा निर्णय संगणकातच करणे अधिक व्यवहार्य आहे.

व्याख्येतील वर्णनाचा रकाना फायरवॉलच्या नोंदींच्या (लॉगच्या) संदर्भात वेगळेच महत्त्व धारण करतो. संगणक-सुरक्षेसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली, असे निर्देश दिले, की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी, प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत. यांतील शेवटच्या निर्देशासाठी यूडीपीच्या १२३ ची वाट फायरवॉलमध्ये नीट लिहिलेली असावी लागते. ती नसेल तर घड्याळ हळूहळू सरकते आणि नोंदींतील वेळ दुसऱ्या कोणाच्या नोंदींशी जुळत नाही. पण नोंदींत वेळेव्यतिरिक्त जे असते ते पत्ते आणि पोर्ट-क्रमांक. सेवेचे नाव तेथे नसते, कारण कर्नेलला ते ठाऊकच नसते. मार्चमध्ये ९१०० या क्रमांकावरून अडवलेले पॅकेट हे शाखेच्या प्रिंटरसाठी होते की आणखी कशासाठी, हे ऑगस्टमध्ये ठरवायचे असेल तर मार्चमध्ये लागू असलेली व्याख्या समोर असावी लागते, ऑगस्टची नव्हे. निर्देशांत नोंदी ठेवायला सांगितले आहे, त्या नोंदी वाचण्यासाठी लागणाऱ्या व्याख्यांच्या जुन्या प्रतींचा उल्लेख नाही. म्हणून व्याख्यांची निर्देशिका प्रत्येक बदलाआधी तारखेसह वेगळी उतरवून ठेवणे आणि ती प्रत निदान नोंदींइतकेच दिवस, शक्यतो राउटरच्या बाहेर, सांभाळणे, हे काम संस्थेला कोणी न सांगता करावे लागते.